दुमडलेलं टोक

कचऱ्याची पिशवी तळाशी फाटली नसती तर ते कुणाला दिसलंही नसतं. सून ओट्याखाली वाकून सांडलेला कचरा गोळा करत होती, तेव्हा चहाच्या चोथ्यात चिकटपट्टीचं एक छोटं बोचकं तिच्या हाताला लागलं. अंगठ्याएवढं, पण कडक. तिनं ते नळाखाली धुतलं आणि सोडलं. आत काचेची कुपी होती, मान मोडलेली. चौदा वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढल्यावर वरची अक्षरं वाचायची गरज नव्हती.

तिनं कुपी आणि पट्टी बशीत ठेवली आणि बशी टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध.

"हे कुणाचं?"

टेबलाशी चौघं होती. तिचा नवरा, घरातला थोरला, अंडी सोलत होता. काका चहात पाव बुडवत होते. धाकट्या नणंदेसमोर, मुंगीसमोर, रिकामा कप होता. आजच्या बॉक्सिंगच्या लढतीआधी अकरा वाजता तिचं वजन आणि डॉक्टरी तपासणी व्हायची होती, तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता. आणि सासरे, ज्यांना सगळे बाबा म्हणायचे, गॅसजवळच्या स्टुलावर बसले होते. सात महिन्यांपूर्वीपर्यंत त्या स्टुलावर सासूबाई बसायच्या. त्या गेल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा तिथं बसायला लागले. स्टूल रिकामं बघायला लागू नये म्हणून असेल.

"सूनबाई, खायच्या टेबलावर कचरा?" काका म्हणाले.

"काका, हे जागा बधिर करायचं औषध आहे. आजच उघडलंय, आत अजून ओल होती. कुणी घेतलं?"

"मला काय विचारतेस? घरात सुई धरता येते ती एकट्या तुला."

हे ते हसत म्हणाले. पण म्हणाले. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं लगेच काहीतरी बोलायला हवं होतं. तो कुपीकडे बघत राहिला. तिनं मनात तीनपर्यंत मोजलं. मग मोजणं सोडलं.

"बरं, माझ्यावर घ्या," ती म्हणाली. "पण दुखतंय कुणाला, ते तर सांगा."

"कुणाला काही नाही," मुंगी म्हणाली. थोरलाही तेच म्हणाला आणि काकाही.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला या 'काही नाही'चं कौतुक वाटलं होतं. खाली बॉक्सिंगची जिम, वर घर. दोन पिढ्या नाकं मोडून घेतलेली माणसं. कुणाच्या भुवईला टाके, कुणाचा अंगठा वाकडा, आणि तोंडी 'काही नाही'. सासूबाई आठ महिने 'काही नाही' म्हणाल्या. नवव्या महिन्यात सुनेच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं सुनेलाच बाजूला घेऊन सांगितलं, की पोटात सगळीकडे पसरलंय.

 बाबांनी बशी स्वतःकडे ओढली आणि चष्मा लावला.

*

थोरला खाली जिममध्ये आला, दिवे लावले आणि उगाच बॅगची साखळी तपासली. काका मागोमाग आलेच.

"बायको तुझी. मी काही म्हणत नाही," काका म्हणाले.

"मग म्हणू नका."

"नाहीच म्हणत. पण मुंगीनं लढू नये असं तिला वाटतं, हे तर खरं? गेल्या महिन्यात तूच सांगितलंस, ती म्हणते आता पुरे. आणि आज, नेमकं तपासणीच्या दिवशी, अशी कुपी टेबलावर येते. मुंगीचं डोकं फिरलं, बाबा बिथरले, की झालं काम."

"ती असं करणार नाही."

"नाही ना? छान. मग प्रश्नच मिटला."

पण मिटला नव्हता. बोलून झाल्यावर शांत बसायचं हे काकांना बरोबर जमायचं. रिंगमध्येही ते एक ठोसा मारून मागे सरायचे आणि समोरच्याला विचार करायला लावायचे. त्यांचा डावा डोळा तेव्हाच गेला. तिसऱ्या राउंडला दिसेनासं झालं आणि ते सहाव्या राउंडपर्यंत लढले, जिंकले. ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की 'एका डोळ्यानं' म्हटलं की पुढचं कुणी ऐकायचं नाही.

थोरल्याला बायकोचा संशय आला आणि त्याची लाजही वाटली. मग त्याला बाबांचा संशय आला. आई गेल्यापासून बाबा सगळ्यांवर नजर ठेवून असायचे. कोण उठताना टेबलाला हात लावतो, कोण जिना चढताना कठड्याला धरतो. परवा तो बुटाची नाडी बांधायला वाकला तर बाबांनी विचारलं, "कंबर?" त्याला वैताग आला होता. अशा माणसानं मुंगीला थांबवायला निवड समितीच्या डॉक्टरला आधीच फोन करून ठेवला नसेल कशावरून?

आणि या सगळ्याच्या तळाशी अजून एक गोष्ट होती. मुंगीचं उजवं कोपर. गेल्या दहा-बारा दिवसांत ते बरगडीला चिकटून राहायला लागलं होतं. वर्षानुवर्षं तो तिला ओरडत आला होता, कोपर आत घे, कोपर आत घे. आजच्या लढतीतली समोरची मुलगी बरगडीखाली डाव्या हाताचा ठोसा मारण्यात वाकबगार होती. तेव्हा कोपर आत आलेलं बघून त्याला आनंद झाला होता. शाब्बास म्हणाला होता तो. पॅड खाली ठेवून टाळीही दिली होती.

"आज पट्ट्या तुम्ही बांधा," तो काकांना म्हणाला.

काकांनी भुवई उचलली. पट्ट्या बांधणं म्हणजे या घरात नुसतं बांधणं नव्हतं. वीस वर्षं सगळ्यांच्या हाताला पट्ट्या आई बांधायची. लढतीच्या सकाळी, घरातून निघायच्या आधीच, अंग चाचपून बघायची, मग बांधायची. मनाला पटलं नाही तर अर्धी बांधलेली पट्टी सोडून परत गुंडाळायची आणि डब्यात टाकायची. मग लढत रद्द. त्यावर वाद नसायचा. आई गेल्यापासून मोठी लढत आजच येत होती, आणि पट्ट्या कोण बांधणार हे कुणी विचारलं नव्हतं.

"बांधतो की," काका म्हणाले.

"मी बांधणार आहे."

बाबा जिन्यात उभे होते. एका हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात ती बशी. त्यांच्या मागे सून होती, आणि तिच्या मागे मुंगी.

"भाऊ, तुम्ही कधी बांधल्यात पट्ट्या?" काका म्हणाले. "तुमचं काम कोपऱ्यात उभं राहून ओरडायचं."

"आज शिकेन." बाबांनी बशी रिंगच्या कडेला ठेवली आणि चिकटपट्टी दोन बोटांत धरून वर केली. "हे टोक बघा."

पट्टीचं एक टोक नखभर आत दुमडलेलं होतं.

दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात पट्टीचं टोक नखानं शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून पट्टी कापली की टोक दुमडून ठेवायचं, हे वळण आईनं सगळ्यांच्या हाताला लावून दिलं होतं. आता घरात कुणी खोकं बंद केलं, वहीचं पान चिकटवलं, तरी टोक दुमडलेलं असायचं.

"आमच्या वॉर्डात दुमडत नाहीत," सून हळूच म्हणाली. "मी कधीच दुमडत नाही. आई मला त्यावरून बोलायच्या."

"म्हणूनच म्हणतो," बाबा म्हणाले. "हे तिचं नाही. हे आपल्या चौघांपैकी कुणाचं तरी आहे."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"टोक काय, कुणीही दुमडेल," काका म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

*

मुंगी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. तिला हे नाव आईनं दिलं होतं. चार वर्षांची असताना स्वतःपेक्षा मोठा वजनाचा चेंडू ढकलत तिनं जिमच्या या टोकापासून त्या टोकाला नेला होता. आता ती सव्वीस वर्षांची होती. आज जिंकली तर देशाच्या संघात. हरली, किंवा आज रिंगमध्ये उतरलीच नाही, तर पुढची निवड दोन वर्षांनी. तेव्हा तिच्या वजनगटात विशीही न गाठलेल्या पोरी आलेल्या असतील.

तिनं उजव्या बरगडीवर बोट ठेवलं. काही नाही. दाबलं. काही नाही. ती बाजू कुणाकडून उसनी आणल्यासारखी वाटत होती. अकरा दिवसांनी पहिल्यांदा तिनं पूर्ण श्वास घेतला होता.

दार न वाजवता काका आत आले.

"कचऱ्यात कशाला टाकलंस? खिशात ठेवता येत नव्हतं?"

"तुम्हीच म्हणालात टाक."

"बाहेर टाक म्हणालो. घरात नाही." ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "हे बघ. साडेबारापर्यंत टिकतं. अकराला डॉक्टर हात लावेल, दाबेल, सोडून देईल. साडेतीनला दुसरी देतो. चारला लढत. नऊ मिनिटांचा खेळ. नंतर हवं तेवढं दुखू दे."

"आणि बाबांनी हात लावला तर?"

"त्यांना काय कळतंय! कळायचं ते तुझ्या आईला. ती काही आता नाही."

काका हे असं सरळ म्हणाले की मुंगीला त्यांचा राग आला. काकांनी तो पाहिला असावा. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मुंगे, तू रडत आली असतीस ना, तर मी नाही म्हटलं असतं. तू हसत आलीस."

"वहिनीवर कशाला ढकललंत मग?"

 काका उठले, दाराशी थांबले. "तोंड सांभाळ," म्हणाले आणि गेले.

तोंड सांभाळायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण आई तोंडाकडे बघायचीच नाही. तिला एकदा मुंगीनं विचारलं होतं, आई, तू दाबतेस तेव्हा खाली काय बघतेस? आई म्हणाली होती, बूट काढले आहेत ना, म्हणून. पुढं सांगितलं नव्हतं.

बाहेरून बाबांची हाक आली. "बूट काढून ये."

*

बाबांनी डबा मांडीवर घेतला होता, पण तो उघडायला त्यांना वेळ लागत होता. झाकण घट्ट होतं असं नाही. सात महिने रोजच्या सरावाला दुकानातून आणलेल्या नव्या पट्ट्या वापरल्या होत्या. या डब्यातल्या पट्ट्या तिनं धुतलेल्या, तिनं वाळवलेल्या, तिनं गुंडाळलेल्या. आत आठ गुंडाळ्या उभ्या लावल्या होत्या, घट्ट आणि सारख्या. त्यातली एक उलगडली की तिनं केलेली गुंडाळी एक कमी होणार होती. बाबांनी एक काढली.

थोरला दोराला टेकून उभा होता. सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. काका बॅगच्या पलीकडे.

"हात," बाबा म्हणाले.

मुंगीनं डावा हात पुढे केला. बोटं फाकलेली. बाबांनी फास अंगठ्यात अडकवला आणि मनगटाला फेरे द्यायला लागले. हाताला सवय नव्हती. तिसऱ्या फेऱ्याला पट्टी पिळली, त्यांनी सोडून परत घेतली. कुणी हसलं नाही.

अर्धी पट्टी झाल्यावर ते थांबले. "दोन्ही हात वर."

"बाबा, उशीर होतोय."

"वर."

तिनं हात वर केले. बाबांनी तिच्या डाव्या बरगडीत बोटं खुपसली. मुंगी आतून हसली, वळवळली, "अहो बाबा!" म्हणाली. लहानपणापासून तिला गुदगुल्या सोसायच्या नाहीत. आई तिचं माप घ्यायला टेप लावायची तर दोघी जमिनीवर लोळायच्या.

मग बाबांनी उजव्या बरगडीत बोटं खुपसली. मुंगी हसली, वळवळली, "पुरे ना!" म्हणाली.

थोरल्यानं श्वास सोडला. काका बॅगला टेकले.

बाबा खाली बघत होते. त्यांनी परत डावीकडे बोट लावलं. मुंगीच्या पायाची बोटं आत वळली, टाच उचलली गेली. त्यांनी परत उजवीकडे लावलं. ती हसली. पाय फरशीवर जसेच्या तसे होते.

"तोंड हसलं," बाबा म्हणाले. "पाय नाही हसले."

 मग काका म्हणाले, "मी टोचलं."

"काका!" मुंगी म्हणाली.

"मी टोचलं, भाऊ. तिनं मागितलं, मी दिलं. आमच्या वेळी सगळे घ्यायचे."

सून तोवर पुढे आली होती. "कुठं टोचलंत? बरगड्यांच्या मध्ये? काका, खाली फुफ्फुस असतं. सुई इतकी आत गेली ना, तर..." तिनं बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं आणि वाक्य अर्धं सोडलं. "आणि हाड तुटलेलं असलं, आणि त्यावर तिनं तो डावा ठोसा खाल्ला, तर ते हाड कुठं जाईल?"

"ठोसा खाल्ला तर ना," मुंगी म्हणाली. "खाणारच नाही मी. बाबा, बांधा."

बाबांनी पट्टी हातात तशीच धरली होती.

"बाबा, बांधा. अकरा दिवस मी काढलेत. तुम्हाला कळलं तरी का? कुणाला कळलं? आई आठ महिने बोलली नाही. ती गेली त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगत होतात? 'आठ महिने तोंडातून शब्द काढला नाही. वाघीण होती.' मी मागेच होते. सतरा जणांना सांगितलंत. मी मोजलं."

"सांगितलं," बाबा म्हणाले.

"मग मी अकरा दिवस गप्प बसले तर काय बिघडलं?"

बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"माझं?"

"तिचं. ती डाव्या कुशीवर झोपायची. चाळीस वर्षं डाव्या कुशीवर. मग उताणी झोपायला लागली. मला पहिल्याच महिन्यात कळलं. मी विचारलं, ती म्हणाली काही नाही. मी हात लावून बघितलं नाही. लावला असता तर तिला सांगावं लागलं असतं, आणि तिनं सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं." ते थांबले. "ती गेल्यावर मी लोकांना सांगितलं, काय सोसलं तिनं. तिला वाघीण केली म्हणजे मला कुणी काही विचारणार नाही."

 सुनेला सासऱ्यांकडे बघवेना.

बाबांनी मुंगीचं मनगट धरलं आणि पट्टी उलटी सोडायला लागले.

"नको," मुंगी म्हणाली. "बाबा, गुंडाळू नका." हात मात्र तिनं मागे घेतला नाही. तो तसाच पुढे राहिला, बोटं फाकलेली. "दादा, तू बांध. तू सांग ना यांना. दादा!"

थोरला दोराजवळून हलला. तिच्यासमोर येऊन त्यानं तिच्या उजव्या कोपराला हात लावला. ते अजूनही बरगडीला चिकटलेलं होतं.

"मी तुला शाब्बास म्हणालो गं," तो म्हणाला. "याच्यासाठी मी तुला शाब्बास म्हणालो."

तिनं काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे बघत होते, आणि त्यांचा चांगला डोळा कुठला, हे त्या क्षणी ओळखू येत नव्हतं.

पट्टी लांब असते. ती गुंडाळून होईपर्यंत सगळे उभे होते. बाबांची गुंडाळी सैल झाली, एका बाजूला झुकली. त्यांनी ती बाकीच्या सातांच्या शेजारी ठेवली. ती नीट उभी राहीना, म्हणून आडवी ठेवली आणि झाकण लावलं.

*

एक्स-रे विभागाच्या बाहेर लांब बाक होता. सून आत चिठ्ठी घेऊन गेली होती. थोरला गाडी लावायला गेला तो अजून आला नव्हता. बहुतेक खालीच उभा होता. काका आले नव्हते. निघताना ते गाडीपर्यंत आले, मुंगीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, आणि सुनेला म्हणाले, "सकाळी मी जे बोललो ते..." सून म्हणाली, "नंतर काका." तेवढंच.

भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून गेले. तिकडे तिला तीनदा पुकारलं असेल आणि मग पुढच्या मुलीला बोलावलं असेल. मुंगी रडली नाही.  ती पाय हलवत बसली होती, आणि बाबा त्या पायांकडे बघत बसले होते.

"वहिनी म्हणाली, साडेबारापर्यंत उतरेल," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"हं."

"तुम्ही असं बघत नका ना बसू, बाबा. चोर पकडल्यासारखं."

"बरं," बाबा म्हणाले आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागले.

बाराला दहा कमी असताना पाय हलायचे थांबले. बाबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. चपलेतली बोटं आत वळली होती. दोन्ही पायांची. ती श्वास थोडा थोडा घेत होती, गरम चहा प्यावा तसा.

"दुखतंय?"

"काही..." मुंगी म्हणाली आणि थांबली. समोरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. तिच्या चाकांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला जाईपर्यंत मुंगी ऐकत राहिली.

"हो," ती म्हणाली.

"किती?"

हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता. तिला उत्तर शोधायला लागलं.

"श्वास घेतला की खूप. नाही घेतला तर कमी."

"अजून?"

"हसले की. आणि उजव्या कुशीवर झोपता येत नाही."

बाबांनी मान हलवली. ती बराच वेळ हलतच राहिली. मग ते तिच्याकडे वळून बसले.

"कधीपासून?"

त्यांना माहीत होतं. सकाळी तिनंच सांगितलं होतं. तरी तिनं सांगायला सुरुवात केली, पहिल्या दिवसापासून.